गालावरची तीट

रविवारी सकाळी जुई न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारावर टकटक केली, तर आतून नुसता घासल्याचा आवाज. दार ढकललं. सहा वर्षांची माझी नात आरशासमोर पाटावर उभी होती आणि पाय घासायच्या वजरीने स्वतःचा डावा गाल घासत होती. गालातून रक्त येत होतं, पण ती रडत नव्हती. करपलेलं पातेलं घासावं तशी ती कामाला लागली होती.

"जुई, काय करतेस हे?"

"निघत नाही, आजोबा."

"काय निघत नाही?"

"तीट. आईची निघाली की. मला कुणी नीट धूतच नाही."

जुईच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे. कोऱ्या चहाच्या रंगाचा, डोळ्याखालून निघून कानाकडे वळलेला. आणि आमच्या बाहेरच्या खोलीत तिच्या आईचा, म्हणजे माझ्या केतकीचा, सहाव्या वाढदिवसाचा फोटो आहे. त्यात केतकीच्या डाव्या गालावर काजळाची ठसठशीत गोल तीट आहे. दर शनिवार-रविवारी जुई माझ्याकडे असते. तो फोटो बघून बघून तिने हिशोब मांडला होता: आईच्या गालावर तिथंच काळं होतं, आता नाही, म्हणजे ते धुऊन निघतं. हिशोब बरोबर होता. फोटो खोटा होता.

त्या वाढदिवसाला केतकीला कुणी तीट लावली नव्हती. ती मी लावली, कॉम्प्युटरवर. तिच्याखाली जुईसारखाच डाग होता.

मी अरविंद म्हेत्रे. विट्यात बसस्थानकाच्या मागे माझा फोटो स्टुडिओ आहे आणि एके काळी टचिंगमध्ये माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता. टचिंग म्हणजे फोटोतला माणूस आहे त्यापेक्षा बरा करून देणं. केतकीचा पहिला फोटो मी साफ केला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. नुसता गाल स्वच्छ केला असता तर पाहुण्यांच्या लक्षात आलं असतं, कारण त्या गालावर काहीतरी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नजर तिथं जाणार आणि तिथं काहीच सापडलं नाही तर संशय येणार. म्हणून मी डागाच्या जागी तीट ठेवली. नजरेला तीट सापडली की ती समाधानाने पुढं सरकते. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो आणि बायकोला दाखवायला फोटो घरी घेऊन आलो होतो. शालनने तो बघितला आणि उलटा करून ठेवला. "पोरीच्या तोंडाला हात लावू नका," एवढंच म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. केतकी दहा वर्षांची होईपर्यंत मी तिच्या प्रत्येक फोटोत तीट लावली. पुढं तीट शोभेना, तेव्हा गालावर केस ओढले. एकोणिसाव्या वर्षी तिला लेझर करून आणलं, आणि मग पुसायला काही उरलं नाही.

जुईच्या गालाला हळद लावली, कापूस धरला आणि केतकीला सांगलीला फोन केला. काय झालं ते सांगितलं. का झालं ते सांगायची माझी छाती झाली नाही.

केतकी दीड तासात आली. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, बोलणं मोजकं. तिने जुईला मांडीवर घेतलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"जुई, ती तीट नाही. मलापण तुझ्यासारखाच डाग होता. अगदी इथंच."

"मग कुठं गेला?"

"मोठेपणी डॉक्टरांनी काढला. तुलापण काढायचा असेल तर मोठेपणी काढू, नसेल तर नको."

जुईने मांडीवरून उतरून दप्तरातली पाटी आणली. शाळेतून मिळणाऱ्या पातळ पडद्याला पोरं आता पाटीच म्हणतात. तिने घरच्या अल्बममधून तोच वाढदिवसाचा फोटो पाटीवर उघडला. केतकीचा फ्रॉक दिसला, केक दिसला, कपाळ आणि डोळे दिसले. मागची बाजू, डावा गाल आणि तोंड करड्या रंगाने झाकून गेलं होतं.

"राख आहे," जुई म्हणाली.

ही राख म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या लोकांसाठी सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी लाखो बारीक घरं असतात. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी ती अगदी एकसारखी होत नाहीत. एखादं थोडा जास्त प्रकाश घेतं, एखादं थोडा कमी. त्यामुळे प्रत्येक फोटोवर त्या कॅमेऱ्याची एक अतिशय फिकट कणी उमटते. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. फोटोत कुणी काही पुसलं, रंगवलं, दुसरीकडून आणून चिकटवलं, की तेवढ्या जागेवरची कणी तुटते. खोट्या चित्रांनी सगळीकडे उच्छाद मांडल्यावर नऊ वर्षांपूर्वी साक्षीचा कायदा आला. विकला जाणारा प्रत्येक पडदा फोटो उघडण्याआधी ही कणी तपासतो आणि जिथं ती तुटली असेल तेवढा भाग करडा करून टाकतो. झाकलेलं परत उघडता येत नाही, कारण खाली काय होतं हे यंत्रालाही कळत नाही. कागदावरच्या जुन्या फोटोंना हे लागू नाही, म्हणून भिंतीवरचा माझा खोटेपणा तेवढा टिकून राहिला होता.

कायदा लागू झाला त्या आठवड्यात विट्यात माझं नाव घराघरात निघालं. लग्नाचे अल्बम उघडले तर नवऱ्या मुली गळ्यापासून वर राख. एका माजी सभापतींच्या फोटोत फक्त फेटा खरा निघाला. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी इथली निम्मी माणसं परमुलखात असतात. घरच्या ग्रुप फोटोत जे भाऊ नव्हते त्यांना मी मागच्या रांगेत उभं करून द्यायचो, आणि आई-वडील समाधानाने तो फोटो भिंतीवर लावायचे. ते सगळे भाऊ राखेचे झाले. लोक माझ्या तोंडावर हसले, मीही त्यांच्याबरोबर हसलो. चार दिवस दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवलं. मग सगळे विसरले आणि मीही विसरलो.

"राखेखाली काहीपण असू शकतं," जुई सांगत होती. "आमच्या टीचर म्हणाल्या, राखेवर विश्वास ठेवायचा नाही."

"अगं, पण मी सांगतेय ना."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

केतकी तिला घेऊन सांगलीला गेली. दुसऱ्या दिवशी जुई शाळेत गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शालन आता नाही. केतकीच्या मामीने फोन करून सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं की तुझ्या आईला असाच डाग होता. पण सगळी मोठी माणसं एकमेकांत ठरवून बोलतात, हे जुईला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पिढीला माणसाच्या सांगण्याचं काही वाटत नाही, साक्ष लागते. आणि तिचं एकच म्हणणं होतं: असा डाग फक्त मलाच आहे.

बुधवारी केतकीचा फोन आला. "पप्पा, माझा एक तरी खरा फोटो आहे का तुमच्याकडे?"

ती रागावली असती तर मला बोलता आलं असतं. ती साधं विचारत होती, किल्ली कुठं ठेवलीय असं विचारावं तसं. मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला.

दुसऱ्या कुणाकडे असायची आशा नव्हती. पाहुण्यांचे त्या वेळचे फोन भंगारात गेले. त्यांनी काढलेले जे बरे फोटो होते ते 'म्हेत्रे, जरा साफ करून द्या' म्हणून माझ्याकडेच आले होते. शाळेच्या ग्रुप फोटोचं काम माझ्याकडे. लेझर केलेला दवाखाना बंद पडला. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की पुसून पुन्हा वापरायचं ही आमची रीत, त्यामुळे मूळ फोटोही गेलेले. पोरीच्या चेहऱ्याच्या येण्याजाण्याच्या सगळ्या वाटा मी एकट्याने बुजवल्या होत्या.

एकच जागा उरली होती. मी टचिंग करायचो ते 'रूपरंग' नावाच्या सॉफ्टवेअरवर. पुण्याच्या एका लहान कंपनीने काढलेलं, मराठीतलं, वापरायला अगदी सोपं. त्यात फोटो घडीच्या पोळीसारखा पदरापदराने बसायचा. सगळ्यात खाली मूळ फोटो, त्यावर गाल साफ केलेला थर, त्यावर तीट, त्यावर मागचा पडदा. हवा तो थर झाकता यायचा, हवा तो उघडता यायचा. पण ती फाइल फक्त रूपरंगमध्येच उघडते. कंपनी बंद पडून सतरा वर्षं झाली, आणि रूपरंग नव्या कुठल्याही यंत्रावर चालत नाही. ते होतं माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कॉम्प्युटर दहा वर्षांपूर्वी बंद पडून स्टुडिओच्या माळ्यावर गेला होता.

गुरुवारी मी तो खाली काढला आणि रिक्षात घालून रेहानाकडे नेला. रेहाना अत्तार जुनी यंत्रं दुरुस्त करते. पस्तिशीची आहे, नव्या यंत्राला हातही लावत नाही.

"काका, ह्यो डबा अजून ठेवलासा?" तिने झाकण उघडलं आणि आतली धूळ ब्रशने काढली. "आमच्या अब्बांनीच विकलेला हाय ह्यो. कशाला काढलासा आता?"

"जुन्या गिऱ्हाइकाचं काम आहे."

"त्या रूपरंगचं? ते सोडून द्या की. कोण वापरतंय आता?"

"मला वापरायचंय," मी म्हणालो. पोरीचा खरा फोटो शोधायचाय, हे तिला सांगायला जीभ रेटली नाही.

दोन दिवस ती त्याच्या मागे लागली होती. पॉवर सप्लाय बदलला. मदरबोर्डवरचे चार फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावले. तिच्या भंगारात त्याच जातीची रॅम सापडली, तीही दुप्पट. जुनी हार्ड डिस्क फिरताना कुरकुरत होती, म्हणून ती जेमतेम एकदा चालवून सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. रूपरंगला मागे लावायची एक कुलपाची कांडी असायची, डोंगल. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. ती मी स्टुडिओच्या गल्ल्यातून शोधून आणली.

शनिवारी दुपारी पडदा उजळला आणि बंद झाला. पुन्हा उजळला. 'परवाना तपासता येत नाही' अशी सूचना आली.

"नेट जोडायचं न्हाई ह्याला," रेहाना म्हणाली. "ह्यो कंपनीला इचारायला जातोय, आन कंपनी तर कवाच मातीत गेली. तारीख मागं न्यायला लागंल. कंपनी चालू हुती तवाची. कुठलं साल घालू?"

"दोन हजार चौदा."

तिने साल घातलं आणि रूपरंग उघडलं. तोच निळा पडदा, तीच डाव्या बाजूला हत्यारांची रांग. माझा उजवा हात आपोआप माउसवर गेला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. सत्तावीस वर्षांपूर्वीचं आपलं कसब डोळ्यासमोर आलं. तो आनंद झाल्याची मला आजही लाज वाटते.

केतकीच्या नावाचे सदतीस फोटो होते. पहिला उघडला. एकच थर. दुसरा, एकच थर. तिसरा, तसाच. आमची पद्धत होती: गिऱ्हाइकाने फोटो पसंत केला की सगळे थर दाबून एक करायचे, म्हणजे डिस्कवर जागा वाचते. फाइलच्या नावापुढे 'पसंत' लिहायचं. घरच्या फोटोंना पसंत म्हणणारा मीच होतो, त्यामुळे मी एकेक फोटो पसंत करून एकेक दाबून टाकला होता. वीस-पंचवीस फोटो बघितल्यावर मी थांबलो.

रेहाना चहा सांगायला बाहेर गेली. मी एकटाच होतो. केतकीचा चार वर्षांचा एक फोटो समोर होता, तीट लावलेला. माझ्या मनात आलं, डाग आपणच रंगवावा. पुसता येतो तसा उमटवताही येतो. कागदावर छापून भिंतीवर लावला तर कुठला पडदा तपासणार आहे? जुईच्या समाधानासाठीच तर करायचं. मी ब्रश घेतला, कोऱ्या चहाचा रंग मिसळला आणि गालाजवळ नेला.

आणि मला आठवेना. डाग डोळ्याखाली किती खालून सुरू व्हायचा? कानाच्या पाळीला टेकायचा की अलीकडेच थांबायचा? कड सरळ होती की कातरलेली? मी डोळे मिटले तर जुईचा गाल दिसायचा, केतकीचा नाही. ज्या डागावर मी दहा वर्षं बारीक ब्रशाने काम केलं, ज्याची कड मी मोठ्यात मोठी करून पुन्हा पुन्हा पुसली, त्याचा आकार मला आठवत नव्हता. मी तो कधी बघितलाच नव्हता, फक्त पुसला होता. पोटच्या पोरीचा चेहरा आठवेना म्हणून मी रेहानाच्या दुकानात तोंडाला रुमाल लावून बसलो.

रेहाना चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि यादीवरून बोट फिरवलं.

"काका, सगळ्यास्नी पसंत लिवलंय. ह्या एकाला 'बाकी' हाय. ते काय?"

मी बघितलं. 'केतकी वाढदिवस सहा, बाकी.' भिंतीवरच्या फोटोची फाइल. उघडली. उजवीकडे थरांची यादी आली: मागचा पडदा, दात, ओठ, तीट, गाल. सगळ्यात खाली, मूळ.

मी एकेक थर झाकत गेलो. मागचा निळा पडदा गेला आणि आमच्या जुन्या घराची भिंत आली. मग दात गेले. पुढचे दोन दात पडलेले होते, ते मी भरून काढले होते, आणि बेताचं हसणारे ओठ दुसऱ्या फोटोतून आणून बसवले होते, हे मी विसरूनच गेलो होतो. तीट गेली. गाल गेला. उरली माझी सहा वर्षांची केतकी. डाग डोळ्याच्या कडेपासून निघून कानाच्या पाळीवर चढला होता, कड कातरलेली होती. मान वळवून तिने तोच गाल कॅमेऱ्यापुढे केला होता आणि बोळक्या तोंडाने खळखळून हसत होती. शालन त्या गालाची पापी घ्यायची आणि त्याला 'माझं पान' म्हणायची. फोटो काढताना केतकीने आपलं सगळ्यात चांगलं ते पुढं केलं होतं.

"ही जुई न्हवं?" रेहानाने विचारलं.

"नाही. केतकी."

"मग पुसलासा कशाला?"

"कामाची सवय," मी म्हणालो. ती कपात चहा ओतत राहिली.

हा एक फोटो 'बाकी' का राहिला, तेही मला आठवलं. त्या वाढदिवसाला मी कौतुकाने केतकीला स्टुडिओत नेलं होतं आणि गिऱ्हाइकासारखं खुर्चीवर बसवून विचारलं होतं, बोला, फोटो पसंत आहे का? तिने बराच वेळ पडद्याकडे बघून विचारलं, "ही कोण?" मी म्हणालो, तू. ती म्हणाली, "माझं पान कुठाय?" मी सांगितलं की कॉम्प्युटर ते आपोआप पुसतो, आपल्या हातात नसतं. तिने पसंत म्हटलं नाही. मी फोटो छापून भिंतीवर लावला, पण फाइल दाबायची राहून गेली. त्यानंतरच्या कुठल्याही फोटोत ती तो गाल पुढं करून उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

रविवारी केतकी आणि जुई स्टुडिओत आल्या. कॉम्प्युटर मी आणून टेबलावर मांडला होता. जुईच्या गालावर खपली धरली होती. मी आधी भिंतीवर होता तसाच फोटो पडद्यावर दाखवला आणि मग जुईच्या हातात माउस दिला. थर कसे झाकायचे ते सांगितलं. तिने एकेक झाकला.

शेवटी गालाचा थरही झाकला. तिने पाटी पुढं केली. मी मूळ थर वेगळा काढून पेन ड्राइव्हमध्ये घेतला होता, तो तिच्या पाटीवर उघडला. फोटो आला. भिंत, फ्रॉक, केस, हसू, डाग. कुठंही करडं नाही. खाली हिरव्या अक्षरांत 'अखंड' असं आलं.

"राख नाही," जुई म्हणाली. तिने बोटाने आईचा गाल पडद्यावर मोठा केला, मग केतकीचा खराखुरा गाल हाताने चाचपला. "आई, तुझा तर माझ्यापेक्षा मोठा होता."

"होता ना."

केतकी फोटोकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पप्पा, मी हसतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी लहानपणापासूनच तोंड लपवायची."

मी माउसची वायर सरळ करत होतो.

"मग हा पुसला का?" जुईने विचारलं.

केतकीने माझ्याकडे बघितलं. "अगं, तेव्हाची यंत्रं तशीच होती," ती म्हणाली. "आपोआप पुसायची."

मी तिला सहाव्या वर्षी सांगितलेलं खोटं तिने जसंच्या तसं परत आणून माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि तेही मला वाचवायला. मी ते घेतलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"यंत्राने नाही, जुई," मी म्हणालो. "मी पुसला."

"का?"

"मला लाज वाटायची."

"आईची?"

"हो."

केतकी खिडकीकडे वळली. जुईने थोडा विचार केला. मग ती पाटीवर काहीतरी शोधू लागली आणि तिने पाटी माझ्या मांडीवर ठेवली. तिचे स्वतःचे फोटो होते. आता प्रत्येक फोटोखाली वेळ, जागा आणि काढणाऱ्याचं नाव असतं. सगळ्यांखाली माझं नाव होतं. बारशाचा, पहिल्या पावलाचा, सायकलवरचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. प्रत्येकाखाली हिरव्या अक्षरांत 'अखंड'.

"हे सगळे खरे आहेत," जुई म्हणाली. "पण ही बाजू एकातपण नाही."

ती खपलीवर बोट ठेवून उभी होती. मी फोटो सरकवत गेलो. प्रत्येक फोटोत तिचा उजवा गाल होता. कधी मी तिला खिडकीकडे बघायला सांगितलं होतं, कधी बाहुलीकडे, कधी आईकडे. पुसायची सोय राहिली नव्हती, म्हणून मी वळवायला लागलो होतो. सहा वर्षांत हे माझ्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

"तुम्हाला माझीपण लाज वाटते का, आजोबा?"

'नाही' हा शब्द अगदी ओठावर होता. कुठल्याही आजोबाने तोच म्हटला असता. पण पाटी माझ्या मांडीवर होती, आणि तिच्यावरचा एकही फोटो खोटा नव्हता.

"वाटते," मी म्हणालो. "वाटायला नको. पण वाटते."

जुईने पाटी उचलून दप्तरात घातली. केतकीने कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. "हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. मी मान हलवली. दारात जाऊन तिने चपला घातल्या, मग न वळताच म्हणाली, "पुढच्या शनिवारचं जुईला विचारून कळवते."

जुई पायरी उतरली होती. ती परत वर आली.

"मी येणार आहे," ती मला म्हणाली. "पण तुम्ही माझा फोटो काढायचा नाही."

"नाही काढणार," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मी खरं बोलतोय का ते पाहिल्यासारखं. मग आईचा हात धरून ती गेली.